शिकारखाना, सर्कस, संग्रहालय : बंदिस्त प्राण्याविषयीच्या मराठी भाषेचा विचार

मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांच्या यादीत तोफखाना, जामदारखाना, पीलखाना ह्यांच्या पंक्तीस शिकारखाना हे नाव आढळते. पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांनी जे वन्य पशू बाळगले होते, त्या जागेसही शिकारखानाच म्हणत. गंगाराम तांबट ह्या पुणेरी चित्रकाराने इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट ह्याच्या आश्रयाने १७९० च्या सुमारास तेथील गेंड्याचे चित्र काढले. आज ते अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे. तो गेंडा पुण्यात कशासाठी होता, ह्या प्रश्नाचे उत्तर जागेच्या नावातच होते. धन्याच्या पराक्रमाचे अथवा ऐश्वर्याचे चिन्ह म्हणून तो तेथे होता, आणि ही गोष्ट कोणी लपविली नव्हती. पुढे कोल्हापूर व बडोदे येथे गाजलेल्या साठमारीविषयीही असेच म्हणावे लागेल. मस्तीत आलेल्या हत्तीस डिवचून त्याच्यापुढे माणसे पळविण्याचा तो खेळ क्रूर होता. परंतु त्या क्रौर्यास कोणी शिक्षणाचे किंवा स्नेहाचे नाव दिले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या शब्दांच्या जागी दोन नवे शब्द आले. एक इंग्रजीतून जसाच्या तसा घेतलेला, सर्कस. दुसरा संस्कृत घडणीचा, प्राणिसंग्रहालय. ह्या दोहोंबरोबर बंदिस्त प्राण्याविषयी बोलण्याची आपली रीतच बदलली. ती कशी बदलली आणि त्या बदलाने एका नैतिक प्रश्नाची वाट कशी अडविली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्राण्यांना पिंजऱ्यात ठेवावे की नाही ह्या वादाचे तत्त्वज्ञान पाश्चात्त्य भाषांतून पुष्कळ झाले आहे. आपल्याकडे तो प्रश्न ज्या शब्दांत घातला जातो, त्या शब्दांची तपासणी मात्र फारशी झालेली नाही, आणि ते काम भाषेच्या अभ्यासकाचे आहे.

सर्कशीपासून आरंभ करू. भारतीय सर्कशीचा इतिहास हा तिच्या आरंभापुरता मराठी इतिहास आहे. कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानात अश्वशिक्षक असलेले विष्णुपंत छत्रे ह्यांनी मुंबईस आलेली किआरिनी ह्या इटालियन गृहस्थाची सर्कस पाहिली. हिंदी माणसास असले काही जमणार नाही, अशा अर्थाचे त्याचे उद्गार त्यांना झोंबले, आणि १८८० मध्ये त्यांनी स्वतःची सर्कस उभी केली. ही कथा मराठी वाचकास परिचित आहे. छत्रे हे ग्वाल्हेरास हद्दूखाँकडे गाणे शिकलेले आणि रहिमतखाँचा सांभाळ करणारे रसिक गृहस्थ होते, हेही त्या कथेत आदराने येते. पुढे सांगली, मिरज, तासगाव ह्या मुलखातून एकामागून एक सर्कशी निघाल्या. तलश्शेरीचे कीलेरी कुञ्ञिकण्णन ह्यांच्या तालमीतून मल्याळी कसरतपटू येऊ लागले, तेव्हा ह्या धंद्याचे केंद्र हळूहळू दक्षिणेकडे सरकले.

ह्या कथेतील प्राणी मात्र विचार करण्याजोगा आहे. मूळ कथेत मुख्य प्राणी घोडा होता. घोड्याचा आणि माणसाचा सहवास हजारो वर्षांचा, आणि छत्र्यांची विद्याही अश्वविद्याच. वाघ-सिंह मागाहून आले, आणि आले ते प्रतिष्ठेचे साधन म्हणून. गोऱ्या माणसाने जे केले ते आम्हीही करून दाखवितो, ह्या ईर्ष्येत वाघाच्या पिंजऱ्यात शिरणारा मराठी माणूस हा स्वाभिमानाचा पुरावा ठरला. परतंत्र देशात त्या पुराव्याची किंमत काय होती, हे आज आपणास पुरते कळणे कठीण आहे आणि तिचा उपहास करणे तर अनुदारपणाचे होईल. परंतु परिणाम असा झाला की सर्कशीविषयीचे मराठी लेखन जन्मतःच गौरवलेखन झाले. त्यात दोनच पात्रे राहिली : आव्हान देणारा परका आणि ते स्वीकारणारा आपला माणूस. ज्याच्या पाठीवरून हा सामना खेळला गेला, तो तिसरा जीव रंगमंचावर असूनही पात्रांच्या यादीत नव्हता. पारतंत्र्याचे दुःख ज्यांनी इतके तीव्रपणे जाणले, त्यांच्या वर्णनांत पिंजरा ही केवळ नेपथ्याची बाब राहावी, ह्यातील विसंगती त्या काळी कोणास जाणवली असल्याचे दिसत नाही.

आता शब्दांकडे वळू. सर्कशीच्या वाघाविषयी बोलताना आपण जे क्रियापद सर्वांत अधिक वापरतो ते ‘माणसाळणे’ हे होय. हे क्रियापद अकर्मक आहे. ‘वाघ माणसाळला’ ह्या वाक्यात कर्ता वाघ आहे. जे घडले ते त्याने आपण होऊन केले असे व्याकरण सांगते, आणि ज्याने ते घडविले तो माणूस, त्याची काठी, त्याचा मांसाचा तुकडा आणि त्याने नियत केलेली उपासमार ही सारी वाक्याबाहेर राहतात. ‘माणसाळविणे’ हे प्रयोजक रूप आपल्याजवळ आहे. ते वापरले की कर्ता लगेच पुढे येतो आणि त्याला जाब विचारता येतो. पण ते आपण क्वचितच वापरतो. ‘शिकलेला वाघ’ आणि ‘शिकविलेला वाघ’ ह्यांतही हाच भेद आहे. जाहिरातीत पहिले रूप शोभते.

उलट ‘पाळणे’ हे क्रियापद पाहा. आपण गाय पाळतो, शब्द पाळतो, पथ्य पाळतो. मराठीत ह्या धातूस पाळणाऱ्यावरील बंधनाचा अर्थ चिकटलेला आहे. जो पाळतो तो बांधला जातो. बैलाच्या धन्याने पोळ्यास बैलाच्या खांद्यास लोणी-हळद लावावी, ही अपेक्षा त्याच बंधनाचा भाग. पण सर्कशीच्या मालकाने वाघ ‘पाळला’ असे आपण सहसा म्हणत नाही. त्याने तो आणला, ठेवला, खेळविला. येथे भाषेने नकळत खरे सांगितले आहे, असे मला वाटते.

ह्या शब्दव्यूहाची कसोटी घ्यावयाची तर एखाद्या सामान्य खेळकऱ्याच्या लेखनावर घेण्यात अर्थ नाही. ती श्रेष्ठाच्याच लेखनावर घेतली पाहिजे. दामू धोत्रे हे असे श्रेष्ठ. १९०२ मध्ये पुण्यात जन्मलेला हा माणूस आल्फ्रेड कोर्ट ह्या फ्रेंच प्राणिशिक्षकाबरोबर १९४० मध्ये अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत गेला, बिबळ्यांच्या खेळाने जगप्रसिद्ध झाला, महायुद्धात अमेरिकी सैन्यात राहिला आणि अखेर पुण्यास परतून १९७३ मध्ये तेथेच वारला. भानू शिरधनकरांनी शब्दबद्ध केलेल्या त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ असे आहे. कोर्ट आणि धोत्रे ह्यांची परंपरा चाबूक-पिस्तुलाच्या आरडाओरड्याची नव्हे. संयमाची आणि सौम्यपणाची म्हणून ती ओळखली जाते. म्हणूनच तिचा विचार अधिक उपयोगी आहे. धोत्र्यांच्या प्रेमाविषयी शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. प्रश्न निराळा आहे. ‘सखा’ हा शब्द नात्याच्या दोन्ही टोकांस लागू पडतो. सख्य एकतर्फी असू शकत नाही. मग दुसऱ्या टोकाकडून त्याचा पुरावा कोणता?

ह्या ठिकाणी स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर ह्याचे निरीक्षण उपयोगी पडते. बर्न, बाझेल आणि झ्यूरिक येथील प्राणिसंग्रहालयांचे त्याने संचालन केले होते, आणि तो सर्कशीचा शत्रू मुळीच नव्हता. प्राण्यास काम मिळणे हे त्याच्या हिताचे आहे असे त्याचे मत होते. त्याने दाखविले की प्रत्येक वन्य प्राण्याचे शत्रूपासूनचे एक ठरलेले अंतर असते. त्या अंतराच्या आत शत्रू आला की प्राणी दूर पळतो. पळावयास जागा नसेल आणि शत्रू आणखी जवळ आला, तर एका नेमक्या मर्यादेवर तो उलटून चाल करतो. पहिले पलायनाचे अंतर, दुसरे निर्वाणीचे. रिंगणातील शिक्षक ह्या दोन रेषांच्या मध्ये उभा असतो. तो एक पाऊल पुढे टाकतो, सिंह मागे सरतो; मागे कठडा येतो; शिक्षक आणखी पुढे येतो, सिंह उलटतो आणि चालून येतो. वाटेत बैठक ठेवलेली असते. तिच्यावर सिंह चढतो त्या क्षणी शिक्षक दोन पावले मागे सरतो, निर्वाणीची रेषा मोडते, आणि सिंहास पुढे येण्याचे कारण उरत नाही. तो बैठकीवर थांबतो. प्रेक्षक टाळ्या वाजवितात. त्यांच्या दृष्टीने सिंहाने आज्ञा पाळलेली असते.

हे वर्णन वाचल्यावर सर्कशीचे सौंदर्य कमी होत नाही. उलट शिक्षकाच्या नजरेची आणि पावलांची सूक्ष्मता अधिकच थक्क करते. मात्र त्या सौंदर्याचे द्रव्य काय, ते स्पष्ट होते. ते भयाचे आणि क्रोधाचे मापन आहे. उत्तम शिक्षकाच्या हाती पुढे हे भय पुष्कळसे ओसरते, सवय त्याची जागा घेते, प्राणी आपल्या माणसास ओळखतो, त्याच्या अंगास अंग घासतो, हेही खरे. परंतु ही ओळख ज्याला दुसरे कोणी ओळखण्याची मुभाच नाही अशा जीवाची ओळख आहे. वाघ तर स्वभावतःच एकटा हिंडणारा. त्याला सोबती देणे हीच मुळी आपली कल्पना. धोत्र्यांच्या पुस्तकाचे शीर्षक एका थोर कलावंताचा स्वतःविषयीचा पुरावा म्हणून ग्राह्य आहे. वाघाविषयीचा पुरावा म्हणून ते चालणार नाही. दुर्दैवाने मराठी वाचकाने ते अनेकदा दुसऱ्याच अर्थाने वाचले.

कायद्याने ह्या प्रश्नास हात घातला तो उशिरा. प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा. त्याच्या आधारे १९९१ मध्ये सर्कशीतील काही प्राण्यांच्या खेळांवर बंदी घालणारी अधिसूचना निघाली, तिला न्यायालयात आव्हान मिळाले, आणि १९९८ च्या ऑक्टोबरात अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह ह्यांच्या प्रशिक्षणास व प्रदर्शनास मनाई करणारी नवी अधिसूचना आली. सर्कसवाल्यांनी धंद्याच्या मूलभूत हक्काचा मुद्दा मांडला. केरळ उच्च न्यायालयाने २००० मध्ये तो फेटाळला, आणि तसे करताना एक पाऊल पुढे जाऊन, हक्क ही कल्पना माणसाच्या जातीपाशीच का थांबावी, असा प्रश्नही केला. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली. ह्या यादीत हत्ती नव्हता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वाघ रिंगणातून गेल्यावरही हत्ती कित्येक वर्षे पाट्यांवर बसत आणि सोंडेने नमस्कार करीत राहिला.

मात्र टीकाकाराच्या दृष्टीने ह्या कायद्यातील सर्वांत बोलके कलम निराळेच आहे. प्रयोगकारी प्राण्यांविषयीचे प्रकरण ज्या कलमाने संपते, ते सत्ताविसावे कलम म्हणते की ह्या प्रकरणातील निर्बंध लष्करी वा पोलिसी कामासाठी शिकविलेल्या प्राण्यांना, तसेच प्राणिसंग्रहालयातील आणि शैक्षणिक अथवा शास्त्रीय हेतूने प्राणी दाखविणाऱ्या संस्थांतील प्राण्यांना लागू नाहीत. म्हणजे तंबूत करमणुकीसाठी दाखविलेला वाघ आणि बागेत शिक्षणासाठी दाखविलेला वाघ ह्यांच्यामध्ये कायद्याने एक रेघ ओढली, आणि ती रेघ वाघाच्या स्थितीवरून न ओढता पाहणाऱ्याच्या हेतूवरून ओढली. पाहणाऱ्याचा हेतू वाघास कसा कळावा?

दरवेशाच्या अस्वलाचेही येथे स्मरण होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर तो खेळ बेकायदा ठरला, आणि ते योग्यच झाले. अस्वलाच्या नाकातून दोरी ओवण्याच्या प्रथेचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु गल्लीतला अर्धपोटी दरवेशी कायद्याच्या एका बाजूस आणि नगरपालिकेची बाग दुसऱ्या बाजूस पडावी, ह्यात केवळ प्राण्याच्या वेदनेचा हिशेब होता असे म्हणवत नाही. सभ्य जागी उभे राहून पाहिलेले बंधन आपणास कमी टोचते.

आणि म्हणून ‘प्राणिसंग्रहालय’ ह्या शब्दाकडे यावयाचे. वस्तुसंग्रहालय, ग्रंथसंग्रहालय, प्राणिसंग्रहालय. संग्रह निर्जीवांचा असतो, तेव्हा संग्राहकाचे कर्तव्य जतन करणे एवढेच असते. वस्तू जशी आहे तशी राहिली की ते पार पडले. जिवंत प्राणी जसाच्या तसा ठेवणे म्हणजे काय? त्याचे शरीर राहते. पण त्याचे हिंडणे, पारध करणे, दडणे, हद्द राखणे हे राहत नाही. आणि ते गेल्यावर जे उरते ते कशाचा नमुना म्हणून मुलास दाखवावयाचे? हेडिगरने ह्यावर दिलेले उत्तर चतुर आहे. रानातील प्राणीही मोकळा नसतो, त्याचा मुलूख आखलेला असतो, तेव्हा चांगला पिंजरा हा कारागृह नसून लहानसा मुलूखच होय, असे तो म्हणतो. परंतु रानातला मुलूख प्राणी स्वतः आखतो, रोज फिरून त्याच्या खुणा ताज्या करतो, गमावतो आणि पुन्हा जिंकतो. पिंजऱ्याचा मुलूख दुसऱ्याने आखलेला असतो आणि त्यात जिंकण्यासारखे काही नसते.

हा वाद केवळ शब्दांचा राहिलेला नाही. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन ह्यांनी २००३ मध्ये ‘नेचर’ ह्या शास्त्रीय नियतकालिकात मांसाहारी प्राण्यांची तुलना प्रसिद्ध केली. जो प्राणी रानात जितका दूरवर भटकतो, तितके बंदिवासात त्याचे तेच-ते येरझाऱ्या घालणे अधिक आणि त्याच्या पिलांची मरतूक अधिक, असे तीत दिसले. २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात यूरोपीय प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आफ्रिकी हत्तिणींचे मध्यक आयुष्य १६.९ वर्षे भरले. केनियातील अंबोसेली अरण्यात नैसर्गिक मरण आलेल्या हत्तिणींचे ५६ वर्षे होते. येथे कोणी मारीत नव्हते, कोणी उपाशी ठेवीत नव्हते, पशुवैद्य दाराशी होते. भारतातील केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्येच बागांतील व सर्कशींतील हत्ती हलविण्याचा निर्णय घेतला. त्याची अंमलबजावणी पुष्कळच रेंगाळली, हे वेगळे.

प्राणिसंग्रहालयाच्या बाजूचा खरा बळकट मुद्दा एकच, आणि तो डावलणे अप्रामाणिकपणाचे होईल. कॅलिफोर्नियाच्या कॉन्डर गिधाडांची संख्या १९८७ मध्ये अवघी २७ उरली, तेव्हा रानातील शेवटचा पक्षीही पकडून आणण्यात आला. बंदिवासात त्यांची पैदास करून १९९२ पासून ती पुन्हा आकाशात सोडण्यात आली. ते पक्षी पकडले नसते तर आज ती जातच नसती. अरबी ओरिक्स हरिणाची कथाही ह्याच जातीची आहे. परंतु ह्या उदाहरणांनी जे सिद्ध होते, ते सोडण्याच्या उद्देशाने केलेल्या बंदिवासाचे समर्थन होय. पिंजऱ्याचे दार शेवटी कोणत्या बाजूस उघडते, हा त्यातील निकष. त्या निकषावर आपल्या बागांतील बहुसंख्य प्राणी उतरत नाहीत.

भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये लोकांस खुली झाली. मुंबईच्या किती पिढ्यांनी पहिला हत्ती, पहिला पाणघोडा तेथे पाहिला असेल! तिच्या वृक्षसंपदेविषयी तर बोलावे तितके थोडे. २०१६ मध्ये ह्या बागेत दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणण्यात आले. पेरू व चिली ह्यांच्या किनाऱ्यावरील थंड प्रवाहाचा हा पक्षी. त्यांपैकी एक त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात मेला. २०१८ च्या स्वातंत्र्यदिनी जन्मलेले पहिले पिल्लू थोड्याच दिवसांत गेले. पुढे आणखी पिले जन्मली आणि जगली, गर्दीही वाढली, आणि प्रयोग सफल झाला असे सांगण्यात आले. वृत्तपत्रांतून त्यांच्यासाठी ‘पाहुणे’ हा शब्द पुष्कळदा आला. मराठीत पाहुणा तो, ज्याला परत जाता येते. निदान जावयास निघाल्यावर ‘राहा’ असा आग्रह करता येतो. मुंबईच्या दमट हवेत यंत्राने गारवा निर्माण करून त्यात दक्षिण अमेरिकेचा पक्षी ठेवणे हे कोणत्या जातीच्या रक्षणासाठी, आणि त्यापासून कोणते शिक्षण, ह्याचे समाधानकारक उत्तर मला त्या सगळ्या चर्चेत आढळले नाही. शिकारखान्यात गेंडा होता त्या कारणाहून हे कारण फार निराळे आहे, असे दिसत नाही. फरक एवढाच की त्या काळी धनी एक होता आणि आता सर्व नागरिक आहेत.

मराठी गद्याने दुसरी वाट दाखविली नाही असे मात्र नव्हे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्यांची झुंज आहे, आणि तेथे माणूस मालक म्हणूनही नाही, सखा म्हणूनही नाही, पाहणारी नजर तेवढी त्याची. प्राण्याशी जवळीक साधण्यासाठी त्याला जवळ आणावेच लागते, ह्या समजुतीस ही कादंबरिका परस्पर उत्तर देते. प्रकाश आमट्यांच्या ‘रानमित्र’ची गोष्ट ह्याहून गुंतागुंतीची. शीर्षक पुन्हा स्नेहाचेच आहे, प्राणी बंदिस्तही आहेत. पण हेमलकशाचे ते अनाथालय शिकारीत आई मेलेल्या पिलांपासून सुरू झाले. तेथे बंदिवास हा आधी घडलेल्या हानीनंतर येतो, तिचे कारण म्हणून नव्हे. धोत्र्यांच्या ‘सख्या’त आणि आमट्यांच्या ‘मित्रा’त हे अंतर आहे. तरीही प्राण्याशी अंगलट करणाऱ्या माणसाचे छायाचित्र पाहून वाचकाच्या मनात जे पहिले कौतुक उमटते, ते दोन्ही ठिकाणी एकाच सुरातले असते. त्या कौतुकापासून सावध राहावे, एवढे म्हणण्याइतका आधार वरील विवेचनात आहे.

बंदीनंतर सर्कशींतून काढलेले वाघ-सिंह बंगळूरजवळील बन्नेरघट्टा, तिरुपती, विशाखापट्टणम, चेन्नईजवळील वंडलूर अशा ठिकाणी उभारलेल्या केंद्रांत हलविण्यात आले. त्यांतील पुष्कळ सिंह आफ्रिकी आणि आशियाई रक्ताच्या संकरातून झालेले होते, म्हणून त्यांची पैदास होऊ द्यावयाची नाही असे ठरले. रानाला ते नको होते, रिंगणाला चालत नव्हते, आणि शुद्ध वाणाची अट असल्यामुळे संग्रहासही अपात्र होते. ही केंद्रे प्रेक्षकांसाठी नव्हती. तेथे ते म्हातारे होऊन एकेक करीत मेले. त्यांच्या जागेस कारभारी मराठीत ‘बचाव केंद्र’ म्हणतात.